डॉमिनिक कुठल्या वॉर्डातून उभाय?

अनुया, तू फक्त ऐक. मध्ये ‘अगं पण’ करू नकोस. तू ‘अगं पण’ केलंस की माझी लिंक तुटते, मग मला परत फादरांच्या प्रवचनापासून सुरू करावं लागेल, आणि ते प्रवचन मुळातच लांब होतं.

तर आपली कीर्ती पारखे. तू पुण्याला गेलीस त्याच्या थोडं आधी ती चर्चच्या यूथ ग्रुपची सेक्रेटरी झाली होती, आठवतंय ना? सेक्रेटरी म्हणजे काय, तर मिस्साच्या प्रार्थनेआधी खुर्च्या लावायच्या, नंतर उचलायच्या आणि मधल्या वेळात प्रेसिडेंट सत्यजीत साहेबांना फोन करून ‘कुठे आहेस’ विचारायचं. पण कीर्तीला खरं काय हवं होतं माहितीये? धर्मशिक्षणाचा सातवीचा वर्ग. रमा टीचर नाशिकला राहायला चालल्या होत्या, जूनपासून तो वर्ग मोकळा होणार होता, आणि कीर्तीला तो इतका हवा होता की तिने मनातल्या मनात मुलांच्या जागासुद्धा बदलून टाकल्या होत्या. मागे बसून बडबड करणारी पुढे, वगैरे. पॅरिश कौन्सिलमध्ये मात्र शशिकला आंटींचं मत पडलं, की मुलगी चांगली आहे पण बोलकी आहे. आता शिकवायला मुकी मुलगी पाहिजे का, हे कीर्तीने तिथेच विचारलं. झालं, बोलकी असल्याचा पुरावाच मिळाला त्यांना.

त्यात ईस्टरनंतरच्या एका रविवारी फादर एडविननी प्रवचन दिलं. आजच्या तरुणांपुढे आदर्श उरलेले नाहीत. हिरो, क्रिकेटर आणि चौकातले बर्थडे बॉय, एवढेच. आणि हे म्हणताना ते कीर्तीच्या बाकाकडे बघत होते. बाकावर तेव्हा ती एकटीच होती, बाकीचे तरुण बाहेर बाईकवर बसून आदर्शांशिवाय जगत होते. म्हणजे जी आली तिलाच ऐकवायचं. कीर्तीचं डोकं जे फिरलं. ती मिस्सा संपल्यावर सरळ आत गेली आणि फादरना म्हणाली, की फादर, आपल्या चर्चमध्ये जेवढे संत उभे आहेत त्यातला एक तरी बिनदाढीचा दाखवा. तरुण मुलांनी बघायचं कोणाकडे? फादर चांगले आहेत गं, हसले. म्हणाले, तरुण संत भरपूर आहेत, तूच आण एखाद्याला लोकांपुढे. नीट करून दाखव, वर्गासाठी तुझं नाव मी स्वतः कौन्सिलपुढे ठेवतो.

आता तुला पनवेल माहीत आहे. पळस्पे फाट्यावरून गावात शिरलं की आभाळ कमी आणि फ्लेक्स जास्त. कोणीतरी भाऊ, कोणीतरी दादा, ‘युवकांचे प्रेरणास्थान’, वय वर्षं बावीस, कर्तृत्व म्हणजे आज वाढदिवस आहे. कीर्तीने ठरवलं, जिथे सगळे बघतात तिथेच आपला माणूस लावायचा. चर्चच्या कोपऱ्यावर दहा बाय आठचा फ्लेक्स. वर एक खराखुरा आदर्श.

कोणाचा, यावर ग्रुपची मीटिंग झाली. सत्यजीतला जोन ऑफ आर्क पाहिजे होती, कारण घोडा आणि तलवार. अलोयसियस गोन्झागाने रोममध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता तेविसाव्या वर्षी जीव दिला, पण एवढं नाव रिक्षातून जाताना कोण वाचणार, असा मुद्दा निघाला. कोणीतरी म्हणालं, आपला वसईचा गोन्सालो गार्सिया घ्या, घरचा माणूस. तर त्याच्यावर हरकत अशी, की तो हुतात्मा झाला तेव्हा चाळिशीला आला होता, आणि चाळिशीचा माणूस आपल्यात यूथमध्ये येत नाही, कौन्सिलमध्ये जातो. शेवटी डॉमिनिक साविओ ठरला. इटलीतला शाळकरी पोरगा, लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी वारला. ६ मेला त्याचा सण. आणि वाक्य काय भारी: ‘मरेन, पण पाप करणार नाही.’ कीर्ती म्हणाली, हे मोठ्या अक्षरात. आणि तिने अजून एक डोकं चालवलं, तेच पुढे नडलं. ‘संत’ हा शब्द लिहायचाच नाही. संत म्हटलं की पोरं मान फिरवून जातात. नुसतं ‘डॉमिनिक’, खाली ‘तरुणांचा खरा आदर्श’. आधी त्यांना तो आपल्यातला वाटू दे, मग चौकशी करत आत येतील.

चौकशी करत आले गं. आले ना. पण ते पुढे.

एसटी स्टँडजवळ कुमारचं फ्लेक्सचं दुकान आहे. कुमारने डॉमिनिकचं चित्र बघितलं आणि म्हणाला, मॅडम, चेहरा फार पडलाय, पोरगं आजारी होतं का? होतं बिचारं, पण कीर्तीने सांगितलं नाही. कुमारकडे सगळ्यांसाठी एकच तयार डिझाइन. पांढरा कडक शर्ट, जोडलेले हात, मागे सूर्यकिरण, बाजूला सिंह. त्या धडावर त्याने डॉमिनिकचं डोकं बसवलं. डोक्यामागचं तेजोवलय काढून टाकलं, म्हणाला कटिंग चुकलं होतं, मी साफ केलं. कीर्तीने वलय परत लावायला लावलं, सोन्याची चेन काढायला लावली, शर्टच्या जागी कोट आणला. सिंहावरून तर अर्धा तास भांडण. कुमार म्हणे सिंह सगळेच घेतात, सिंह नसेल तर माणूस एकटा पडल्यासारखा वाटतो. कीर्ती म्हणाली, संत एकटेच असतात. वलय मात्र त्या सूर्यकिरणांत असं काही मिसळून गेलं की दिसायचंच नाही, पण तोपर्यंत तिचा घसा बसला होता.

इकडे ग्रुपमध्ये वेगळंच. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येकाला आपला फोटो पाहिजे. एकाने गॉगलवाला पाठवला, एकीने साखरपुड्यातला, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला त्यातून कापायचं नाही अशी अट. कीर्तीने सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं आणि सगळ्यांची तोंडं फुगली. फादर म्हणाले, निदान एका जबाबदार माणसाचं नाव खाली असू दे. तर कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘कीर्ती पारखे, सेक्रेटरी, यूथ ग्रुप’. लक्षात ठेव, फ्लेक्सवर जिवंत माणसाचं नाव हे एवढं एकच.

पाच तारखेला तिचा खारघरला कॉलेजात पेपर होता. फ्लेक्स घेऊन लावायचं काम तिने सत्यजीतला दिलं. दुसरं कोण होतं? तोंड न फुगलेला तेवढा एकच उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सासाठी ती कोपऱ्यावर पोचली तर डॉमिनिक दिमाखात लटकतोय. आणि त्याच्या डोक्यावर, डाव्या बाजूला, गोलात, नमस्कार करत, परेशदादा.

अगं तेच परेशदादा. दहीहंडीवाले. त्यांच्या पुतण्याला महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत तिकीट मिळणार म्हणून अख्खा वॉर्ड बोलत होता ते. निवडणूक त्याच महिन्यात होती, आचारसंहिता लागलेली, बाकी सगळे फ्लेक्स गावातून उतरवलेले. मोकळ्या आभाळाखाली एकटा डॉमिनिक. दादांच्या आशीर्वादाने. ‘मरेन, पण पाप करणार नाही.’

कीर्तीने सत्यजीतला फोन लावला, फोन बंद. शिडी शोधली, शिडी चर्चच्या स्टोअरमध्ये, किल्ली सत्यजीतकडे. ती तशीच फ्लेक्सखाली उभी, वर बघत, आणि तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन गोदूबाई आल्या. पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पोराला न्याहाळलं आणि म्हणाल्या, “ह्यो पोऱ्या कोनाचा हाय गो?”

कीर्ती म्हणाली, आमच्या चर्चचा.

“बरा दिसतंय. गलान चेन नाय, काय नाय. पाप नाय करनार, असा लिवलाय ना? इतके वर्सांन कोनी असा लिवला नाय. कुठल्या वार्डान उबा हाय?”

कीर्ती म्हणाली, मावशी, तो उभा नाहीये, तो वारलाय. गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाल्या, चांगला मानूस टिकूच देत नाय ही लोका. आणि पाटी उचलून गेल्या, आणि पूर्ण मच्छी मार्केटला सांगितलं की चर्चच्या बाजूचा एक तरणा उमेदवार मारला. मिस्सा संपायच्या आत गेटवर गर्दी. कोणाला त्याला मत द्यायचं होतं, कोणाला त्याच्या आईला भेटायचं होतं. आणि कीर्ती तुला माहितीये, प्रत्येकाला बाजूला घेऊन इटलीपासून सांगत होती. जितकं सांगेल तितकी गर्दी वाढायची. एका काकांनी तर सांगितलं, एवढा प्रचार करतेस तर हातात पत्रकं तरी ठेव.

मग पाच-सहा बाईक आल्या आणि मधल्या बाईकवरून परेशदादा उतरले. तुला वाटेल ओरडले असतील. अजिबात नाही. ओरडले असते तर परवडलं असतं. ते दुखावले होते. फादरांपुढे हात जोडून म्हणाले, फादर, तुम्ही कोणालाही उभा करा, समाजाला वाटा पाहिजे, मी समजू शकतो. पण माझा फोटो लावून माझ्याच पुतण्यापुढे? सकाळपासून पक्षाच्या ऑफिसातून मला फोन येतायत, डॉमिनिक कोण म्हणून. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “पोराला बोलवा. मी बोलतो त्याच्याशी. या वेळी माघार घेऊ दे, पुढच्या वेळी बघू आपण त्याचं.”

फादर म्हणाले, दादा, तो यायचा नाही. दादांना वाटलं, पोरगं भाव खातंय.

एवढ्यात आचारसंहितेची गाडी. एक साहेब, एक व्हिडिओवाला. साहेबांनी विचारलं, उमेदवार कुठे आहे? फादर खरं बोलणारे, म्हणाले, स्वर्गात. साहेबांनी व्हिडिओवाल्याला सांगितलं, परत घे, आवाज नीट आला नाही. मग फ्लेक्सवरचं एकुलतं एक नाव वाचलं आणि म्हणाले, कीर्ती पारखे कोण? सगळी गर्दी एकदम बाजूला झाली. इतका वेळ तिच्या खांद्याला खांदा लावून उभे होते लोक, बरं का.

निवडणुकीच्या ऑफिसमधलं तर विचारू नकोस. कीर्ती आणि फादर दोघं टेबलापुढे, गुंडाळलेला डॉमिनिक भिंतीला टेकून. टेबलामागच्या साहेबांचं म्हणणं साधं होतं, संबंधित व्यक्तीने लेखी द्यावं की मी उमेदवार नाही. कीर्ती म्हणाली, संबंधित व्यक्ती हयात नाही. तर मृत्यूचा दाखला. कीर्ती म्हणाली, इटलीत मिळेल. कधी वारले? अठराशे सत्तावन्न. साहेबांचा चेहरा एकदम बदलला. पेन खाली ठेवलं, खुर्चीत सरळ बसले आणि विचारलं, म्हणजे स्वातंत्र्यसैनिक का? मग विषयच वेगळा होतो.

अनुया, एक हो. एका ‘हो’वर सुटली असती गं ती. साहेब चहा मागवायच्या बेतात होते. पण ‘मरेन, पण पाप करणार नाही’ असं दहा बाय आठवर लिहून ते शेजारी गुंडाळून ठेवलंय म्हटल्यावर ती खोटं कसं बोलणार? म्हणाली, नाही, आजारी होता. साहेबांनी पेन परत उचललं. बाकी सगळं समजून घेतो म्हणाले, धार्मिक आहे, ठीक, पण राजकीय माणसाचा फोटो कोणी टाकला, त्याचं नाव चर्चच्या पत्रावर लिहून आणा. समज देऊन सोडतो. फक्त नाव रेकॉर्डला राहील.

त्या संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर सत्यजीत प्रकट झाला. फोन चालू. त्यानेच सांगितलं सगळं. कुमार म्हणे त्याला म्हणाला होता, वर कोणा दादाचा फोटो नसेल तर उद्या सकाळी फ्लेक्स फाटलेला मिळेल, आणि लावलास तर कोणाची हात लावायची हिंमत नाही. हे खरंय, आपल्याकडे असंच चालतं. याच्या मोबाईलमध्ये दहीहंडीचा दादांबरोबरचा सेल्फी, तो दिला काढून. वाईट हेतू नव्हता त्याचा, मी तेवढं म्हणते. पण मग तो म्हणाला, “कीर्ती, माझं पोलीस भरतीचं ग्राउंड पास झालंय. पुढे चारित्र्य पडताळणी असते. आता माझं नाव असं कुठे गेलं तर संपलंच ना.” घरी वडील अंथरुणावर, तळोज्याची कंपनी सुटलेली, ते तुलाही माहीत आहे. कीर्ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. घरी येऊन जेवली नाही फक्त.

रविवारी कौन्सिलची मीटिंग. हॉलच्या खुर्च्या कीर्तीनेच लावल्या, आपल्यावरच्या खटल्याच्या. शशिकला आंटींनी सुरुवात केली. चर्चची बदनामी, मच्छी मार्केटमध्ये शोक, फादरना सरकारी ऑफिसात बसावं लागलं. फोटो तूच टाकलास ना? नाव तुझं आहे, कुमारकडे रोज तू जात होतीस. कीर्ती म्हणाली, मी पास केलेल्या डिझाइनमध्ये फोटो नव्हता. मग कोणी टाकला? कीर्तीने सत्यजीतकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. ती म्हणाली, तसं नाही आंटी, माझं एवढंच म्हणणं आहे की...

आणि आंटींनी तिला तिथेच तोडली. म्हणाल्या, “ज्याचा फ्लेक्स लावलास त्याच्याकडून काही शिकलीस का? त्याच्या वर्गातल्या पोरांनी शेगडीत बर्फ आणि कचरा भरला आणि नाव डॉमिनिकचं सांगितलं. मास्तर सगळ्यांसमोर बोलले त्याला. त्याने तोंड उघडलं? एक शब्द नाही. चूक नसताना. आणि तू चूक असून उलट बोलतेस.”

मला सांग, याच्यापुढे माणूस काय बोलणार? तिचीच गोष्ट, तिचाच संत, तिच्याच डोक्यात घातला. बोलली तर डॉमिनिकचा आदर्श नाही, नाही बोलली तर चूक कबूल. कीर्तीचे कान लाल झालेले मला मागच्या रांगेतून दिसत होते. ती उभी राहिली, ओठ हलले, सत्यजीतने पहिल्यांदा मान वर केली. आणि ती म्हणाली, पत्रात माझं नाव लिहा. आणि बसली.

थांब, अजून संपलं नाही. फादर काहीतरी म्हणायला लागले, तिच्याकडे असे बारीक डोळ्यांनी बघत होते, त्यांना वास आला होता बहुतेक. पण कौन्सिलला जेवायला जायचं होतं. पुढचा विषय, सातवीचा वर्ग. आंटी म्हणाल्या, कीर्तीचा प्रश्नच येत नाही आता. सत्यजीतला द्या. एवढा गोंधळ झाला, पोरगा मीटिंगभर एक अक्षर बोलला नाही. याला म्हणतात संयम. तरुणांपुढे असा आदर्श पाहिजे.

टाळ्या, अनुया. टाळ्या वाजल्या.

आणि तो नको म्हणाला नाही. म्हणजे, उभा राहिला, घसा साफ केला, मला वाटलं आता बोलतो, आणि ‘थँक यू’ म्हणून बसला. खुर्च्या कोणी उचलल्या हे सांगायला नको.

डॉमिनिकचं बरं होतं गं. त्याच्या मास्तरांना दुसऱ्याच दिवशी खरं काय ते कळलं, आणि पोरगा चौदाव्या वर्षी देवाघरी गेला. त्या बर्फवाल्या पोरांबरोबर त्याला पुढची चाळीस वर्षं त्याच चर्चमध्ये, त्याच बाकावर काढायची नव्हती. कीर्ती विसाची आहे. तिचे मास्तर अजून यायचेत. आंटी आता येताजाता तिच्यासाठी प्रार्थना करतात, तिच्या सुधारण्यासाठी, आणि मोठ्याने. ती फादरना सांगू शकते, फादर ऐकतील. पण सत्यजीतची पडताळणी अजून झालेली नाही, आणि फादरना सांगितलं की फादर ते पत्र बदलणार. खोट्या पत्रावर ते सही ठेवायचे नाहीत, आपल्याला माहीत आहे.

आणि काल काय झालं ते ऐक. काल सत्यजीत तिच्या घरी आला. दारात उभा, केस नीट विंचरलेले, कॉलरचं बटण लावलेलं, टीचर झालाय ना. कीर्तीला वाटलं, आला बाबा एकदाचा माफी मागायला. तर म्हणाला, रविवारी पहिला वर्ग आहे, पोरं फार बडबडी आहेत म्हणे. डॉमिनिकपासून सुरू करावं म्हणतो. तुझं सगळं वाचून झालंय ना त्याच्यावर? मला जरा सांगतेस का, तो नक्की काय करायचा?

आतून तिची आई ओरडतेय, अगं दारात काय उभं केलंस त्याला, चहा टाकलाय. तो चपला काढतोय. आणि कीर्तीचा एक हात दाराच्या कडीवर.

आता बोल. तू असतीस तर काय केलं असतंस?